कमरेवरचा वळ

नरकचतुर्दशीच्या पहाटे आजीला तेल लावायचं काम माझ्याकडे असे. न्हाणीत चुलाण्यावर पाणी खदखदत असायचं, वाटीत कोमट केलेलं तिळाचं तेल, आणि पाटावर माझ्याकडे पाठ करून बसलेली आजी. मानेपासून चोळत चोळत हात कमरेपर्यंत आला की बोटांना एकदम वेगळं लागायचं. सत्तरी उलटलेल्या बाईची सुरकुतलेली, मऊ कातडी तिथे संपायची आणि बोटभर रुंदीचा काळा, खरबरीत पट्टा सुरू व्हायचा. जू ओढून बैलाच्या खांद्याला पडतो तसा घट्टा, सगळ्या कमरेला वेढा घालून गेलेला. डाव्या अंगाला, जिथे लुगड्याची गाठ बसायची आणि कनवटीला नाणी खोचलेली असायची, तिथे तो सगळ्यांत जाड होता. उन्हाळ्यात घाम मुरून तिथेच चिरा पडत. त्यांवरून ती खोबरेल तेलाचं बोट फिरवायची आणि पुन्हा त्याच जागी, तितकीच घट्ट गाठ मारायची.

"दुखते का आजी?" मी विचारायची.

"लुगड्याचा वळ हाये तो. बाईमाणसाले राह्यतेच."

आजी पूर्ण वयात गेली, वेगळ्याच आजारानं. त्या वळाचं पुढे काही झालं नाही. पण 2024च्या नोव्हेंबरात 'बीएमजे केस रिपोर्ट्स' या वैद्यकीय नियतकालिकात वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांच्या हकिकती छापल्या. एक सत्तर वर्षांची. परकराची नाडी वर्षानुवर्षं घट्ट बांधलेली, आणि कमरेच्या उजव्या अंगाला अठरा महिने न भरलेली, दुखरी जखम. दुसरी साठीच्या शेवटाकडे आलेली. तिनं चाळीस वर्षं आत परकर न घालता रोज लुगडं नेसलं होतं, नेसण कमरेला घट्ट आवळून. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला तेव्हा त्वचेचा कर्करोग निघाला. दुसरीचा तर जांघेतल्या एका गाठीपर्यंत पोचला होता.

ते वाचताना तेलकट बोटांना लागलेला तो घट्टा मला पुन्हा जाणवला. अठरा महिने, दोन वर्षं हे आकडे वाचून मनात आलं, या बायांनाही घरात कोणी विचारलं असेल, आणि त्यांनीही आजीचंच उत्तर दिलं असेल.

त्वचेचा कर्करोग म्हटलं की आपल्याला गोरे लोक, समुद्रकिनारे आणि सनस्क्रीनच्या बाटल्या आठवतात. हा आपला आजार नाही, अशी एक समजूत घट्ट बसली आहे. आपल्याकडे तो कमी आहे हे खरं. शंभर कर्करोगांत एखाद-दुसराच त्वचेचा असतो. पण जो होतो त्यातला बराचसा वेगळ्या वाटेनं येतो. कपड्याच्या काचातून येतो, भाजल्याच्या जुन्या वणातून येतो, वर्षानुवर्षं वाहणाऱ्या जखमेतून येतो. ती वाट डोळ्यांसमोर असते, म्हणून ती अडवताही येते.

खानोलकरांनी पाहिलेली कंबर

यातली कपड्याच्या काचाची वाट पहिल्यांदा शास्त्राच्या भाषेत लिहिली गेली ती मुंबईतच. परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं. तिथल्या विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. मूळचे गोमंतकीय, लंडनला शिकून आलेले खानोलकर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहत, आणि ती पेशी ज्या माणसाची तो खातो काय, नेसतो काय, राहतो कसा हेही विचारत. 1945 साली त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय होता माणसाच्या चालीरीतींशी जोडलेले, भारतात आढळणारे तीन नवे कर्करोग. त्यांतला एक धोतराचा.

धोतर कमरेला रोज त्याच जागी आवळलं जातं. जाडंभरडं कापड, अंगमेहनतीचा घाम, वाकणं-उठणं, आणि हे सगळं पन्नास वर्षं. कमरेच्या बाजूला आधी कातडी काळी पडते, मग तिचा रंग उडतो, मग ती जाड होते, फाटते, भरते, पुन्हा फाटते. एके दिवशी भरायची थांबते. वैद्यकाच्या ग्रंथांत 'धोती कॅन्सर' हे नाव आलं ते असं. पुढे मुंबईतल्या डॉक्टरांनी 'साडी कॅन्सर' म्हणून बायकांच्याही नोंदी छापल्या.

काश्मीरमध्ये याचंच दुसरं रूप आहे. तिथे थंडीत फेरन या सैल अंगरख्याच्या आत, पोटाशी आणि मांड्यांमध्ये कांगडी धरून बसतात. वेताच्या टोपलीत मातीचं भांडं आणि भांड्यात निखारे. वर्षानुवर्षं त्या धगीनं पोटावरची, मांड्यांची कातडी जाळीदार, काळपट होते आणि काहींना तिथेच कर्करोग होतो. विल्यम एल्म्स्ली या मिशनरी डॉक्टरनं 1866 साली हे लिहून ठेवलं, आणि श्रीनगरच्या मिशन हॉस्पिटलातल्या अर्नेस्ट नेव्ह यांनी 1923 साली त्यावर सविस्तर लिहिलं. त्याही आधी, 1775 साली, लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी झाडणाऱ्या पोरांच्या अंगावर साचणारी काजळी आणि त्यांना पुढे होणारा अंडकोशाच्या कातडीचा कर्करोग यांचा संबंध दाखवला होता.

लंडनची धुराडी, काश्मीरची कांगडी, आपलं धोतर आणि लुगडं. मुलूख वेगळे, कारणं वेगळी; कातडीला रोज त्याच जागी होणारा जाच मात्र सगळीकडे सारखा. यात एक गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली आहे. पुरुषांनी धोतर सोडून पँट घातली आणि धोतराचा कर्करोग जवळजवळ पुस्तकातच उरला. कुणी मोहीम काढली नाही, कुणी औषध शोधलं नाही. कमरेवरची गाठ तेवढी गेली. बायकांच्या कमरेवरची मात्र तशीच राहिली.

जखम बिघडते कशी

कातडी ही रोज नवी होणारी गोष्ट आहे. तळातल्या पेशी सतत दुभंगत असतात, नव्या पेशी वर सरकतात, जुन्या झडून जातात. जखम झाली की हे काम घाईनं चालतं. एरवी ती घाई आठ-पंधरा दिवसांत संपते. पण रोज सकाळी त्याच जागी नाडी आवळली, रोज संध्याकाळी तीच खपली निघाली, तर तळातल्या पेशींना उसंतच मिळत नाही. दुभंगताना पेशीला आपली सगळी कुंडली, म्हणजे डीएनए, उतरवून काढावी लागते. हजारो वेळा नक्कल करताना कुठे तरी चूक राहते. बहुतेक चुका शरीर स्वतःच दुरुस्त करतं किंवा ती पेशी मारून टाकतं. एखादी निसटते, आणि थांबायचं कसं हेच विसरते.

जुन्या वणात आणखी एक अडचण असते. तिथे रक्तवाहिन्या कमी, लसिकावाहिन्याही विरळ. म्हणून शरीराचे पहारेकरी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, तिथे नीट पोचत नाहीत. कर्करोग वणाच्या आत बराच काळ दबून राहतो, आणि वणाची हद्द ओलांडली की जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठींकडे धावतो. अशा जखमेला मार्जोलँचा व्रण म्हणतात. जाँ-निकोला मार्जोलँ या फ्रेंच शल्यवैद्यानं 1828 साली वणांवर उगवणाऱ्या अशा जखमांचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव.

मार्जोलँचा व्रण सगळ्यांत जास्त दिसतो तो भाजल्याच्या वणावर. शंभर जुन्या वणांतल्या एखाद-दोनांवरच, पण भाजणं आणि कर्करोग यांत सरासरी तीस वर्षं जातात. चुलीवर, स्टोव्हवर भाजलेली विशीतली सून पन्नाशीत पोचते तेव्हा हे घडतं. गुडघ्यामागे किंवा कोपराच्या वळणीत मोठं भाजलं, आणि त्वचारोपण न करता ते नुसतंच आपोआप भरू दिलं, तर तिथली कातडी ताणलेली, कागदासारखी पातळ राहते. चालताना फाटते, बसताना फाटते. खरा प्रतिबंध इथेच, भाजल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातच करायचा असतो. वेळेवर नवी कातडी लावली तर तो वण बहुधा आयुष्यभर शांत राहतो.

कुष्ठरोगानं बधिर झालेल्या तळव्यावरची जुनी जखम, हाडाच्या आजारानं वर्षानुवर्षं वाहणारा नासूर, पायाच्या फुगलेल्या शिरांजवळचा न भरणारा व्रण, ही सगळी याच कुळातली. या जखमा बहुधा गरिबांच्या अंगावर असतात. घरात जखमेपेक्षा मोठे प्रश्न असतात, म्हणून त्या जुन्या होत जातात.

ऊन आणि काळी रेघ

उन्हाचं काय? उन्हातले अतिनील किरण पेशीची कुंडली थेट बिघडवतात. आपल्या सावळ्या कातडीतलं मेलॅनिन छत्रीसारखं आड येतं, म्हणून आपण बऱ्यापैकी वाचतो. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीचे लोक कडक उन्हात राहतात, आणि सत्तरीपर्यंत तीनांतल्या दोघांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग झालेला असतो. तिथे 1981 साली 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' ही मोहीम सुरू झाली: सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला. मेलबर्न-सिडनीत वाढणारी आपली नातवंडं टोपीशिवाय शाळेच्या मैदानावर उतरत नाहीत, ती त्याच शिकवणीमुळे.

आपल्याकडे उन्हाचा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर येतो. नाक, पापणीची कड, गाल. त्यातला नेहमीचा प्रकार बेसल सेल कार्सिनोमा. मोत्यासारखी चकाकणारी, कडेला बारीक शिरा असलेली पुटकुळी, मध्ये खपली. आपल्या कातडीवर ती काळीही दिसते, म्हणून लोक तिला तीळ किंवा चामखीळ समजतात. ती फारच क्वचित दुसरीकडे पसरते, पण जागच्या जागी उंदरासारखी कुरतडत जाते. वेळ घालवला तर नाकाची पाळी, पापणी, खालचं हाड असं काहीच सोडत नाही. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, कोड नव्हे, पांढऱ्या केसांच्या आणि गुलाबी कातडीच्या माणसांना तर लहानपणापासून ऊन टाळावंच लागतं. टोपी आणि पूर्ण बाह्या हेच त्यांचं औषध.

मेलॅनोमा हा सगळ्यांत आडमुठा. रंग तयार करणाऱ्या पेशींचाच तो कर्करोग. सावळ्या माणसांत तो ऊन न लागणाऱ्या जागी येतो: तळपाय, तळहात, नखाखाली. गायक बॉब मार्ली यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली तो 1977 साली सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं आधी वाटलं होतं. 1981 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते गेले. आपल्याकडे शेतात अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या तळव्यावर काळा डाग दिसला की 'काटा मोडला असेल' म्हणून सोडून देतात. काट्याचा डाग पसरत नाही. नखाखाली साकळलेलं रक्त नख वाढेल तसं पुढे सरकतं आणि निघून जातं. जी काळी रेघ तिथेच राहते, रुंद होते, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरते, ती दाखवायलाच हवी.

तुकडा काढायची भीती

'चाकू लागला की आजार चिघळतो.' हे वाक्य मी विदर्भात ऐकलं, कोकणात ऐकलं, शिकल्यासवरल्या घरांत ऐकलं. उशीर होण्याचं मोठं कारण हेच आहे.

तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी. जखमेच्या कडेला सुई देऊन जागा बधिर करतात आणि तांदळाच्या दोन-चार दाण्यांएवढा तुकडा घेतात. तो कडेचाच हवा, अर्धा जखमेतला आणि अर्धा चांगल्या कातडीतला. जखमेच्या मधोमध नुसती मेलेली खपली मिळते आणि उत्तर चुकतं. तुकडा फॉर्मलिनच्या बाटलीत जातो, त्याचे केसाहून पातळ काप काढून रंगवतात, आणि काही दिवसांत कळतं की ही साधी जखम आहे, क्षय आहे, बुरशी आहे की कर्करोग. तुकडा काढल्यानं कर्करोग पसरत नाही. ज्यांच्या बाबतीत 'चाकू लागला आणि पसरला' असं दिसतं, त्यांच्यात तो चाकू लागायच्या आधीच पसरलेला असतो. कळतो तेवढा नंतर.

बायोप्सीऐवजी काय होतं ते आपण सगळे जाणतो. हळद-तेल, झाडपाला, कुणी सांगितलं म्हणून बिब्बा, मग मेडिकलमधून आणलेली ट्यूब. त्या ट्यूबमध्ये बहुधा स्टेरॉइड असतं. आग दोन दिवस थांबते, कातडी अधिकच पातळ होते, आणि महिने निघून जातात.

कड मोकळी आहे का?

एकदा निदान झालं की त्वचेच्या बहुतेक कर्करोगांवर पहिला आणि मुख्य उपचार शस्त्रक्रियाच. तिचं तत्त्व आंब्याचा नासका भाग कापणाऱ्या कुठल्याही गृहिणीला कळेल: डाग दिसतो त्याच्या थोडं बाहेरून सुरी फिरवायची. प्रश्न एवढाच की थोडं म्हणजे किती.

लहान बेसल सेल कार्सिनोमाला चांगल्या कातडीची चारेक मिलिमीटरची कड पुरते. कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींच्या साध्या कर्करोगाला, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमाला, चार ते सहा मिलिमीटर. कमरेवरच्या किंवा वणावरच्या मार्जोलँच्या व्रणाला साधारण दोन सेंटिमीटर, कारण तो कडेनं मुळं पसरतो. मेलॅनोमाची कड त्याच्या जाडीवर ठरते. अलेक्झांडर ब्रेस्लो या अमेरिकी डॉक्टरनं 1970 साली दाखवलं की मेलॅनोमा किती पसरट आहे यापेक्षा तो कातडीत किती मिलिमीटर खोल गेला आहे त्यावर माणसाचं आयुष्य ठरतं. एक मिलिमीटरपर्यंत खोली असेल तर एक सेंटिमीटरची कड. दोन मिलिमीटरच्या पुढे असेल तर दोन सेंटिमीटर. महिनाभराच्या उशिरानंही किती फरक पडू शकतो, हे या आकड्यांतून कळतं.

शस्त्रक्रियेनंतर काढलेल्या भागाचं काय होतं हे रुग्णाला कधी दिसत नाही. विदर्भातल्या एका रुग्णालयाच्या विकृतिशास्त्र विभागात मला ते पाहायला मिळालं. तळहाताच्या अर्ध्या आकाराचा कातडीचा तुकडा ट्रेमध्ये होता. एका टोकाला शल्यवैद्यानं लांब दोरा ठेवला होता, ही बाजू डोक्याकडची हे कळावं म्हणून. डॉक्टर बाईंनी तुकडा पुसून कोरडा केला आणि ब्रशनं त्याच्या चारही कडांना आणि तळाला शाई लावली. घराच्या चौकटीला रंग द्यावा तितक्या शांतपणे. मग पावाचे काप करावेत तसे काप. उद्या सूक्ष्मदर्शकाखाली त्या एकच गोष्ट शोधणार होत्या: कर्करोगाच्या पेशी आणि ही शाई, यांच्यामध्ये चांगल्या कातडीची पट्टी उरली आहे का. उरली असेल तर रिपोर्टवर लिहितात, कडा मोकळ्या. शाईला पेशी टेकल्या असतील तर आणखी कापायला हवं. रुग्णानं आपल्या रिपोर्टमध्ये पहिल्यांदा वाचावी ती हीच ओळ, आणि डॉक्टरांना बिनधास्त विचारावं: कड मोकळी आली का?

नाक, पापणी, ओठ अशा जागी एकेक मिलिमीटर मोलाचा असतो. तिथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या फ्रेडरिक मोह्‌स यांची पद्धत वापरतात. विद्यार्थिदशेत सुचलेली ही कल्पना त्यांनी 1941 साली प्रसिद्ध केली. एक पातळ थर काढायचा, त्याची सगळी कड आणि तळ लगेच तपासायचा, नकाशा करायचा, आणि जिथे पेशी उरल्या असतील नेमक्या तिथलाच पुढचा थर काढायचा. रुग्ण तिथेच थांबलेला असतो. आपल्याकडे ही सोय थोड्याच ठिकाणी आहे. इतरत्र शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून कड तपासतात, त्यानंही बरंच साधतं.

कमरेवरचा मोठा भाग काढला की उघडी पडलेली जागा झाकावी लागते. मांडीवरून कातडीचा वरचा पातळ पापुद्रा खास सुरीनं सोलून घेतात, त्याला जाळीसारखी छिद्रं पाडून ताणतात आणि जखमेवर पसरतात. खालच्या मांसातून नव्या रक्तवाहिन्या त्यात शिरल्या की कातडी धरली. पाचव्या दिवसाच्या सुमारास पट्टी उघडतात. रुग्णांना नवल वाटतं ते हे की कमरेपेक्षा मांडीच जास्त दुखते. खरचटल्यासारखी उघडी झालेली मांडी दोन-तीन आठवड्यांत भरून येते. जांघेत गाठ लागली असेल तर तिथल्या गाठीही काढाव्या लागतात, आणि मग पायाला सूज राहू शकते. काहींना पुढे किरणोपचार लागतात. आजार फार पसरलेला असेल तर आता शरीराच्या पहारेकऱ्यांनाच जागं करणारी इम्युनोथेरपीची औषधं आहेत; ती महाग आहेत आणि सगळ्यांना लागू पडत नाहीत. लहान जखम असताना आलेल्या रुग्णाला यातलं बहुतेक काही लागत नाही. तेवढी जागा बधिर करून शस्त्रक्रिया, टाके, आणि घरी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया येतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं.

पुण्याचं नाक

चेहरा विद्रूप होईल या भीतीनं शस्त्रक्रिया टाळणाऱ्यांना मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. ती पुण्याजवळ घडलेली आहे.

टिपू सुलतानाविरुद्धच्या 1792च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर कावसजी नावाचा एक बैलगाडीवान होता. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा घडवणाऱ्या समाजातल्या एका माणसानं त्याला नवं नाक केलं. मुंबई इलाख्यातल्या क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते डोळ्यांनी पाहिलं, आणि लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'नं ऑक्टोबर 1794 मध्ये त्याचं वर्णन चित्रासह छापलं.

त्या कारागिरानं मेणाचा पातळ पत्रा कापलेल्या नाकावर बसवून माप घेतलं. पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि भोवती रेघ काढली. रेघेवरून कपाळाची कातडी सोडवली, फक्त दोन भुवयांमधला एक चिंचोळा देठ जोडलेला ठेवला, म्हणजे रक्त चालू राहील. मग कातडी खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या, एकावर एक. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास देठ कापला. ते वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली, आणि सुश्रुतसंहितेत ज्याची बीजं आहेत ती विद्या युरोपात गेली.

आज नाकावरचा कर्करोग काढल्यावर मोठं भगदाड पडलं तर जगभरचे शल्यवैद्य कपाळाचीच कातडी वळवून नाक घडवतात. देठ भुवयांच्या मधलाच, आणि तो कापायचा तीनेक आठवड्यांनी. मेणाच्या पत्र्याऐवजी आता टाक्यांच्या पाकिटाचा चमकता कागद वापरतात, एवढाच फरक. आपल्या मातीतल्या एका निनावी माणसाच्या हातचं हे काम आहे. कर्करोगाला भ्यावं, पण चेहरा जाईल म्हणून शस्त्रक्रियेला भिऊ नये.

नाडीखाली दोन बोटं

आता करायचं काय, ते सरळ सांगते.

परकराची नाडी बांधल्यावर तिच्याखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. सुती, बारीक नाडीच्या परकरापेक्षा रुंद पट्टीचा किंवा इलॅस्टिकचा चांगला. शिंपी सांगितलं तर शिवून देतात. रोज त्याच उंचीवर बांधू नये, कधी दोन बोटं वर, कधी खाली. घरी असताना सैल गाऊन, रात्री झोपताना नाडी सोडून. सलवारीच्या नाडीचं, पुरुषांच्या करदोट्याचं आणि कमरपट्ट्याचंही तेच. कातडी काळी पडली, खाज सुटली किंवा पांढरे ठिपके आले की त्या जागेवरचा दाब आधी काढायचा, मलम त्यानंतर.

कुठलीही जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती डॉक्टरला दाखवायची. जुन्या वणावर नवी जखम, वाढणारं मांस, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा उंचवटा, रक्त, वास, किंवा आधी न दुखणारी जागा दुखू लागणं: यांतलं एक जरी दिसलं तर तेवढंही थांबायचं नाही. महिनाभर मलम लावूनही भरत नसेल तर आपणच विचारायचं, डॉक्टर, तुकडा तपासायचा का? तिळाचा आकार वेडावाकडा झाला, कड पुसट झाली, रंग दोन-तीन प्रकारचे दिसले, तो वाढला किंवा बदलला, तर तेही दाखवायचं. उन्हात काम करणाऱ्यांनी फेटा, टोपी, पूर्ण बाह्या सोडू नयेत. आपल्या आजोबांचं मुंडासं हे चांगलं सनस्क्रीनच होतं.

आणि एकमेकांची पाठ, कंबर, तळपाय पाहायचे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, आणि बायका तर स्वतःची कंबर आरशातही पाहत नाहीत. या दिवाळीत आईला तेल लावायला बसले तेव्हा मी मुद्दाम तिची कंबर पाहिली. वळ होता. आजीइतका जाड नाही, पण होता, आणि उजव्या अंगाला रुपयाएवढा फिकट ठिपका. आई म्हणाली, "असू दे गं, परकराचा आहे." तेच उत्तर. पुढच्या आठवड्यात आम्ही त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. ठिपका साधा निघाला. येताना तिच्या मापाचे रुंद पट्टीचे चार परकर शिवायला टाकले.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून बैलाचा खांदा सोललेला, घट्टे पडलेला असतो. संध्याकाळी त्याला धुऊन आणतात, खांद्याला हळद आणि तूप चोळतात. आजोबा ते स्वतः करायचे. बोटांनी घट्टा चाचपायचे, कुठे जखम दिसली तर त्या बैलाला चार दिवस औताला जुंपायचे नाहीत. बैलाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी आपल्या लोकांनी एक सण नेमून ठेवला.

आजीला बोलता येत होतं. तिला विचारलं की ती म्हणायची, राह्यतेच. म्हणून नुसतं विचारून भागत नाही. बसवून, तेल लावून, हातानं चाचपून पाहावं लागतं.